मानेखाली हालचाल नसलेलं मुख्य पात्र: कोणते सिनेमे खरे, कोणते नुसते देखणे?

धरमपेठची_दर्शना

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये लागोपाठ चार शनिवारी चार सिनेमे दाखवायचं घाटतंय. साठ खुर्च्या, एक प्रोजेक्टर, एसी आहे. प्रेक्षक मिश्र असतील: फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची पोरं, घरी पूर्ण परावलंबी माणूस सांभाळणारी मंडळी आणि व्हीलचेअरवर येणारे पाच-सहा जण.

अट एकच. ज्याला किंवा जिला तीव्र अपंगत्व आहे, तेच पात्र गोष्टीच्या मध्यभागी हवं. नायकाचं मन किती मोठं ते दाखवायला कोपऱ्यात बसवलेला भाऊ नको. नुसती नावं गूगलवर मिळतात. कुठला प्रसंग थांबवून बोलावं, काय चुकीचं दाखवलंय आणि ते का चुकलं, हे जाणकारांनी सांगावं. हॉलच्या तयारीबद्दलही लिहा.

पांढरा_पडदा

आधी ढोबळ वाटणी करून घेऊ, नाहीतर धागा भरकटेल.

मणक्याला मार लागून मानेखालचं गेलेलं: 'मार आदेंत्रो' (२००४, स्पॅनिश), 'गुजारिश' (२०१०), 'द इनटचेबल्स' (२०११, फ्रेंच) आणि त्यावरून आलेला नागार्जुन-कार्तीचा तेलुगू 'ओपिरी' (२०१६), 'मी बिफोर यू' (२०१६). 'मिलियन डॉलर बेबी' (२००४) शेवटच्या भागात याच रांगेत येतो.

पोलिओ आणि श्वासाचं यंत्र: 'द सेशन्स' (२०१२), 'ब्रीद' (२०१७).

सेरेब्रल पाल्सी: 'माय लेफ्ट फूट' (१९८९), आपल्याकडचा 'मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ' (२०१४), तमिळ 'पेरन्बू', जपानी '३७ सेकंड्स' (२०१९).

मेंदूच्या देठात झटका येऊन सगळंच थांबलेलं: 'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' (२००७). मोटर न्यूरॉन आजार: 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग' (२०१४). 'जॉनी गॉट हिज गन' (१९७१) युद्धाचा आहे. हात, पाय, चेहरा सगळं गेलेला सैनिक उशीवर डोकं आपटून मोर्समध्ये बोलतो. घरच्या लोकांसमोर तो लावू नका, हॉल रिकामा होईल.

मराठीत 'चौकट राजा' (१९९१) आणि 'यलो' (२०१४) ही नावं लगेच येतात. दोन्ही चांगले, पण विषय बौद्धिक अपंगत्वाचा. शरीर पूर्ण परावलंबी असलेलं मुख्य पात्र आपल्या सिनेमात शोधावंच लागतं. आणि हे अशा प्रांतात, जिथे पाठीच्या दुखण्यामुळे बसूच न शकणारा, एक तर उभा नाहीतर आडवा राहणारा माणूस १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर गेला. वरोरा इथून शंभर किलोमीटरवर आहे. बाबा आमट्यांच्या त्या प्रवासातल्या आडव्या खाटेवर एक अख्खा सिनेमा मावला असता. असो.

रीहॅब_कट्टा

यादी ठीक आहे. पण बघायचं कसं, त्याची एकच किल्ली सांगतो: कट कुठे पडतो ते बघा. भावना बहुतेक दिग्दर्शकांना जमतात. वेळ जमत नाही. माणूस पलंगावर आहे, कट, माणूस खुर्चीत आहे. मधली चाळीस मिनिटं गेली कुठे?

मानेतल्या मणक्याला इजा झालेल्या माणसाचा सकाळचा क्रम धरा. दर दोन तासांनी कूस बदलणं रात्रभर चालूच असतं. सकाळी कातडी तपासायची: माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, डोक्याची मागची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडायचा. पांढरा होऊन परत लाल झाला तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोर सुरू झालेला आहे, त्या बाजूवर वजन द्यायचं नाही. मग शौच. हे आपोआप होत नाही. रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि हातमोजा घालून बोटाने, पाऊण ते एक तास. लघवीला नळी कायमची नसेल तर दर चार ते सहा तासांनी घालून काढायची, पाचशे मिलिलिटरच्या वर साचू द्यायची नाही. मग आंघोळ, हातापायांचे सांधे पूर्ण फिरवणं, कपडे (बसल्यावर ज्यावर वजन येतं तिथे शिवण किंवा मागचा खिसा नको), पोटाला पट्टा, मग खुर्ची. झटकन उभं केलं की रक्तदाब पडतो आणि माणूस डोळे फिरवतो, म्हणून आधी पलंगाचं डोकं टप्प्याटप्प्याने वर.

हे सगळं दाखवा असं कोणी म्हणत नाही. पण दोन तासांच्या सिनेमात एकदाही नाही दाखवलं, तर प्रेक्षक घरी जाताना समजतो की पैसा आणि प्रेम असलं की झालं.

'गुजारिश'चंच घ्या. जादूगार चौदा वर्षं पलंगावर. बोटं सरळ, घोटे सरळ, केस रेशमी. इतक्या वर्षांत बोटं आत वळतात, पाऊल खाली पडतं. नर्सच्या अंगावर असा घेरदार झगा की सक्शनची (घशातला कफ ओढून काढायची) नळी त्यात अडकावी. पण त्याच सिनेमात छतातून पाणी गळतं आणि रात्रभर थेंब थेंब त्याच्या कपाळावर पडतं, तो प्रसंग थांबवून दाखवाच. हात हलत नाही म्हणजे काय, हे त्या थेंबाइतकं नेमकं हिंदी सिनेमात दुसरीकडे आलेलं नाही. त्यावरून लगेच व्यवहाराचा प्रश्न विचारता येतो: हाक मारायचं साधन काय? डोक्याने दाबायचं बटण, फुंकरीची बेल, व्हॉइस असिस्टंट, काहीतरी कायम तोंडाच्या नाहीतर गालाच्या टप्प्यात हवं. बेल उशीखाली सरकली की ती नसल्यासारखीच.

पांढरा_पडदा

बाकी मान्य. पण चौदा वर्षांत बेडसोर नाही म्हणून तो खोटा, असं लोक म्हणतात ते पटत नाही.

रीहॅब_कट्टा

मी बोटं आणि घोटे म्हटलं, बेडसोर म्हटलं नाही. जखम न होता वर्षानुवर्षं काढता येतात. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना चाळीसहून जास्त वर्षं सांभाळलं, आणि अंगावर बेडसोर नव्हता हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीही नोंदवलं. मुद्दा असा, की तिथे पाळ्या बदलणारा अख्खा वॉर्ड होता. सिनेमात एक नर्स बारा वर्षं, साप्ताहिक सुटी न घेता. घरी एकाच माणसावर भार असेल तर रात्री दोनची कूस चुकते. आळस म्हणून नव्हे, झोप म्हणून. विद्यार्थ्यांना रात्रीच्या पाळीचं गणित मांडायला लावा: दहा ते सहा, चार वेळा उठणं, आठवड्याला अठ्ठावीस.

कलम_२१

अरुणा शानबाग यांचं नाव निघालंच आहे तर इच्छामरणाचा गोंधळ आत्ताच सोडवून टाकू. यादीतले निम्मे सिनेमे त्यावरच आहेत आणि प्रेक्षक सगळे एकाच माळेत ओवतात.

उपचार थांबवणं वेगळं, मरण देणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला पहिल्याला मर्यादित वाट दिली, ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून लिव्हिंग विल (उपचार कधी थांबवायचे ते आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, आणि २४ जानेवारी २०२३ ला ती पद्धत सोपी केली: आता दंडाधिकाऱ्याची सही लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हाच.

आता सिनेमांना लावून बघा. 'गुजारिश'चा जादूगार व्हेंटिलेटरवर नाही, काढायला काही नाहीच. तो मागतो ते दुसऱ्या प्रकारचं, म्हणून त्याचा अर्ज आजच्या कायद्यातही बसणार नाही. 'मिलियन डॉलर बेबी'ची बॉक्सर व्हेंटिलेटरवर आहे, शुद्धीत आहे. अमेरिकेत अशा रुग्णाला यंत्र नाकारायचा हक्क तेव्हाही होता. त्यामुळे प्रशिक्षकाने रात्री चोरून येऊन जे केलं, त्याची कायद्याने गरजच नव्हती. नाट्यासाठी वकील गायब केला आहे.

'मार आदेंत्रो' खऱ्या माणसावर आहे. रामोन साम्पेद्रो, १९६८ मध्ये समुद्रात उडी मारताना मान मोडली, जानेवारी १९९८ मध्ये मृत्यू. त्याने मदत अनेक मित्रांत तुकड्यातुकड्यांनी वाटली, म्हणजे एकावर गुन्हा येणार नाही. स्पेनमध्ये कायदा झाला तो २०२१ मध्ये.

चारपैकी एकच सिनेमा मरण मागणाऱ्याचा ठेवा. चारही तसे ठेवलेत तर हॉलमधल्या व्हीलचेअरवाल्यांना काय निरोप जातो त्याचा विचार करा. 'मी बिफोर यू' आला तेव्हा परदेशातल्या अपंग संघटनांनी निदर्शनं केली ती याच कारणाने.

धरमपेठची_दर्शना

कलमभाऊ, हे फार उपयोगाचं. मग 'मार आदेंत्रो' की 'गुजारिश'?

पांढरा_पडदा

'मार आदेंत्रो', विचारायलाच नको. हाविएर बार्देमला रोज काही तास मेकअप करून पन्नाशीपार केलं होतं. अख्खा अभिनय मानेच्या वर. तोंडात काडी धरून लिहिण्याचा प्रसंग आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपीच्या पोरांसाठी थांबा: काडीचं चावायचं टोक, कागदाचा उतार, डोळ्यांपासून अंतर. आणि घरची वहिनी. तिला संवाद कमी आहेत, पण रीहॅबभाऊ म्हणतात तो 'मधला वेळ' तिच्या हातांत दिसतो. कूस बदलताना ती बोलत नाही, थांबत नाही, चेहऱ्यावर काही आणत नाही.

मंजिरी_वाचा

'डायव्हिंग बेल' घ्याच. तो कसा बघावा यावर जरा सविस्तर लिहिते, कारण त्यातली युक्ती आपल्या घरात थेट वापरता येते. फक्त जशीच्या तशी नाही.

फ्रेंच 'एल' मासिकाचा संपादक झाँ-दोमिनिक बोबी याला ८ डिसेंबर १९९५ ला झटका आला. मेंदूच्या देठाचा पुढचा भाग बंद पडला की हात, पाय, जीभ, गिळणं सगळं जातं, शुद्ध मात्र पूर्ण. याला लॉक्ड-इन म्हणतात. सहसा राहतं ते पापणी मिटणं आणि डोळे वर-खाली करणं. डावी-उजवी नजर जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. बोबीचा उजवा डोळा कोरडा पडू नये म्हणून शिवला होता. सिनेमात ते टाके आतून दाखवलेत, कॅमेरा म्हणजेच डोळा. बराच वेळ त्याचा चेहरा दिसतच नाही.

थेरपिस्ट अक्षरं वाचते, त्याला हवं त्या अक्षराला तो डोळा मिटतो. अक्षरं ए-बी-सी-डी अशी नाहीत, फ्रेंचमध्ये जास्त वापरली जातात ती आधी: ई, एस, ए, आर, आय, एन, टी, यू, एल... आणि डब्ल्यू सगळ्यात शेवटी. पुस्तकासाठी रोज चार तास, दहा महिने, दोन लाखांच्या आसपास मिचकावण्या. एका शब्दाला सरासरी दोन मिनिटं. मार्च १९९७ मध्ये पुस्तक आलं आणि दोनच दिवसांनी तो गेला.

मराठीत हेच करायला गेलं तर काय होतं? क ख ग घ ओळीने म्हणत गेलात तर 'र' पंचविसावा येतो (ङ आणि ञ आधीच गाळून). पण आपली वर्णमाला मुळातच चौकट आहे, फ्रेंचला ते भाग्य नाही. म्हणून आधी ओळ विचारायची, मग ओळीतलं अक्षर. कार्डावर नऊ ओळी करा:

पहिली तातडीची: दुखतंय, सक्शन, कूस, पाणी, गरम होतंय.
दुसरी मात्रांची: आ, ई, ऊ, ए, ओ, अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घ एकच, ऐकणाऱ्याला कळतं. जोडाक्षराचं चिन्ह ठेवूच नका.
तिसरी त थ द ध न, चौथी य र ल व, पाचवी क ख ग घ, सहावी प फ ब भ म, सातवी श स ह ळ, आठवी च छ ज झ, नववी ट ठ ड ढ ण.

'रात्री' म्हणायचं तर 'रातरी' लिहायचं: चौथी ओळ दुसरं अक्षर (सहा हाका), आ (तीन), त (चार), र (सहा), ई (चार). एकूण तेवीस हाका. शाळेतल्या क्रमाने ओळी ठेवल्या असत्या तर चौतीस लागल्या असत्या. 'पाणी' या मांडणीत उलट महाग पडतं, ण शेवटच्या ओळीत गेला म्हणून. तो शब्द पहिल्या ओळीत का घातला ते आता कळलं असेल.

चुकतं कुठे: पापणी आपसूकही मिटते, त्यामुळे 'मिटली म्हणजे हो' यात खोट्या होकारांचा पाऊस पडतो. 'वर बघणं म्हणजे हो' ठेवा. प्रत्येक हाकेनंतर पूर्ण एक सेकंद थांबा. घाईत घरचे ओळी गाण्यासारख्या म्हणतात आणि होकार पुढच्या अक्षराला चिकटतो. शब्द अर्ध्यात ओळखला तर परस्पर पूर्ण करू नका, 'रात्री म्हणताय का?' असं विचारून होकार घ्या. आणि लिहून ठेवा. सहा अक्षरांनंतर पहिलं कोणतं होतं ते ऐकणाराच विसरतो.

सक्करदऱ्याचा_भाऊ

मंजिरीताई, पारदर्शक प्लास्टिकचा बोर्ड मिळतो नं, दोघांच्या मधात धरायचा? तो काहून नाही चालणार?

मंजिरी_वाचा

भाऊ, म्हणूनच डाव्या-उजव्या नजरेचं लक्षात ठेवा म्हटलं. त्या बोर्डावर अक्षरांचे गठ्ठे कोपऱ्यांत असतात आणि नजर कोपऱ्यात न्यावी लागते. लॉक्ड-इनमध्ये आडवी नजरच नाही, मग बोर्ड निकामी. मोटर न्यूरॉनच्या आजारात नजर बहुतेक वेळा शेवटपर्यंत चारही दिशांना फिरते, तिथे तो उत्तम चालतो. तीन मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक, साधारण ५० बाय ४० सेंटिमीटर, मध्ये चेहरा दिसेल एवढी खिडकी कापलेली. अक्षरं तुमच्या बाजूने उलटी दिसतात, दिसू द्या, तुम्हाला अक्षर वाचायचंच नाही, डोळे वाचायचेत. चकाकी येऊ नये म्हणून ट्यूबलाइट तुमच्या पाठीशी नको.

'थिअरी ऑफ एव्हरीथिंग' मध्ये १९८५ च्या गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षरांचा फलक येतो. हॉकिंग यांचा त्या काळातला होकार भुवई उचलून होता. एका माणसाला पापणी, एकाला भुवई, एकाला अंगठा. आधी शरीर तपासायचं, मग साधन विकत घ्यायचं. उलटं केलं की पैसे कपाटात जातात.

सक्करदऱ्याचा_भाऊ

बरं बाप्पा, समजलं. आता यंत्राचं माझ्याकडून घ्या.

'ब्रीद' लावा. १९५८ साली केनियात पोलिओ झालेला रॉबिन कॅव्हेंडिश, वय अठ्ठावीस. ऑक्सफर्डचा प्राध्यापक टेडी हॉल त्याला श्वासाचं यंत्र बसवलेली खुर्ची करून देतो. त्यात कुत्र्याच्या धक्क्याने प्लग निघतो तो सीन आहे, आणि स्पेनमध्ये रस्त्याच्या कडेला यंत्र जळतं, मग पाळीपाळीने हातपंपावर श्वास देत राहतात. लोक हसतात तिथे. हसण्याचं काम नाही, घरोघरी हेच होऊन राहिलं.

प्लग: यंत्राचा प्लग कूलरच्या बोर्डावर लावू नका. कूलरचा पंप शॉर्ट झाला की एमसीबी पडते आणि यंत्रही जाते. वेगळी लाइन, वेगळी एमसीबी, प्लगवर टेप मारून 'काढू नये' लिहा. झाडूपोछ्याले आलेली बाई मोबाइल चार्ज करायला तोच काढते.

इन्व्हर्टर: १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. घट धरून चौदाशे. यंत्र शंभर वॉट, पंखा पंचाहत्तर, एक दिवा, मधूनमधून सक्शन: दोनशे वॉट धरा. नवीन बॅटरीवर सहा-सात तास, जुनीवर चारही कठीण. मे महिन्यात पाणी लवकर आटते, पंधरा दिवसांनी पाहात जा, डिस्टिल्डच टाका. बॅटरी पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवली की मेलीच.

हातपंप, म्हणजे अंबू बॅग: यंत्राजवळच टांगलेली पायजे, कपाटात नाही. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदाला एक दाब. घाबरून लोक सेकंदाला एक मारतात. छाती रिकामी व्हायलाच वेळ नाही भेटत.

मंजिरी_वाचा

त्याच जोडीला 'द सेशन्स'. कवी मार्क ओब्रायन, सहाव्या वर्षी पोलिओ, आयुष्य लोखंडी फुप्फुसात. ते यंत्र हवा आत ढकलत नाही, बाहेर पोकळी करून छाती फुगवतं. म्हणून गळ्यात नळी नसते आणि तो बोलू शकतो, पण वाक्य श्वास बाहेर जातानाच. जॉन हॉक्सने ती लय अचूक पकडली आहे. मणका वाकडा दिसावा म्हणून पाठीखाली फुटबॉलएवढा फोमचा गोळा घेऊन तो झोपायचा. सिनेमा शरीरसंबंधांवर आहे, तेव्हा जाहिरातीत स्पष्ट लिहा.

गळ्यात नळी असताना खणखणीत बोलणारी पात्रं बघितली की मात्र विचारा: नळीचा फुगा फुगवलेला आहे का? फुगवलेला असेल तर हवा स्वरयंत्रावरून जातच नाही, आवाज येणार कुठून? बोलायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीत फुगा पूर्ण सोडून मग बोलण्याची झडप. फुगा तसाच ठेवून झडप लावली तर श्वास बाहेर जायला वाटच उरत नाही.

रीहॅब_कट्टा

'इनटचेबल्स' लावणार असाल (लोक हा मागतीलच, हसवतो) तर दोन ठिकाणी थांबा.

एक, नवा मदतनीस पट्टा न लावता खुर्चीत बसवतो आणि फिलिप पुढे कोसळतो. धडावर ताबा नाही म्हणजे हेच. छातीचा पट्टा, कंबरेचा पट्टा, मगच ब्रेक सोडायचा.

दोन, संवेदना नाही हे कळल्यावर गंमत म्हणून पायावर गरम पाणी ओततात. हॉल खदखदून हसेल. हसू द्या, मग दिवे लावा. दुखत नाही म्हणजे भाजत नाही असं नाही. उलट दुखत नाही म्हणून पाय मागे घेतला जात नाही आणि भाजणं खोल जातं. आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर खालची वेदना मेंदूला कळत नसली तरी नसांना कळते. रक्तदाब भसकन वर जातो, डोकं ठणकतं, चेहरा लाल, कपाळावर घाम, नाडी मंद. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. नेहमीचा रक्तदाब ९० असलेल्याला १३० सुद्धा धोक्याचा, आणि नवखा डॉक्टर '१३० तर नॉर्मल आहे' म्हणून सोडून देतो. करायचं काय: सरळ उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, मग लघवीची नळी बघा. बहुतेक वेळा ती मांडीखाली दुमडलेली असते. ती ठीक असेल तर शौच अडकलंय का, नख, बुटातला खडा. रक्तदाब उतरत नसेल तर थेट इमर्जन्सी.

आता हेच नागपूरला आणा. गरम पाणी ओतायला मदतनीस लागत नाही, मे महिन्यात उन्हात उभ्या ठेवलेल्या खुर्चीची लोखंडी पट्टी पुरते. उघडी पोटरी तिला टेकली की फोड. शिवाय इजेच्या खाली घामच येत नाही, त्यामुळे ४५ डिग्रीत अंग तापत जातं. कूलरची झोत थेट अंगावर, स्प्रेच्या बाटलीने हातापायांवर पाणी, वर पंखा: म्हणजे घाम बाहेरून द्यायचा. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती अर्धीच चालते.

कलम_२१

भारतीय एखादा ठेवा ना. चारही बाहेरचे नकोत.

पांढरा_पडदा

'मार्गरिटा'. शोनाली बोसचा. सेरेब्रल पाल्सी असलेली लैला, पॉवर व्हीलचेअर, कॉलेज, प्रेम, न्यूयॉर्क. कल्की केकलांने तयारी कसून केली आहे, मनगटाचा कोन शेवटपर्यंत सुटत नाही. पेल्यातली स्ट्रॉ हा त्यातला खरा हिरो. उलट बाजूने 'पेरन्बू': वयात आलेली मुलगी, एकटा बाप, पाळीचा पॅड कोण बदलणार? घरच्या मंडळींना हा प्रश्न रोज पडतो आणि चारचौघांत कोणी काढत नाही.

नटांबद्दलही वाद होईल, तयार राहा. 'माय लेफ्ट फूट' मध्ये डॅनिएल डे-लुईस चित्रीकरणभर खुर्चीतच राहिला, ऑस्कर मिळालं. पण काही गोष्टी त्याला उजव्याच पायाने जमत होत्या, म्हणून ते शॉट आरशातून घेतले. सुरुवातीचा, पायाने रेकॉर्ड लावून सुई ठेवण्याचा शॉट आता त्या नजरेने बघा. '३७ सेकंड्स' ची नायिका मेई कायामा हिला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे, तिथे आरसा लागत नाही. आंघोळीचा पहिलाच प्रसंग बघा, आईचे हात आणि मुलीची नजर. 'यलो' मध्येही गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते.

धरमपेठची_दर्शना

मग असं: 'डायव्हिंग बेल', 'ब्रीद', 'मार आदेंत्रो', 'मार्गरिटा'. 'इनटचेबल्स' चे फक्त ते दोन प्रसंग रीहॅबभाऊंच्या चर्चेत. हॉलचं सांगा. दारात एक पायरी आहे, पंधरा सेंटिमीटर.

रीहॅब_कट्टा

प्रसंग दाखवायचे तरी हक्कधारकाची परवानगी लागते, पूर्ण सिनेमाला तर लागतेच. ओटीटीचं घरगुती खातं हॉलमध्ये चालत नाही.

पायरी: उतार एकास बारा. पंधरा सेंटिमीटरला १८० सेंटिमीटर लांब फळी, १९ मिलिमीटरचा प्लाय, खाली तीन आडव्या पट्ट्या, वर खरखरीत टेप, दोन्ही कडांना पाच सेंटिमीटरची पट्टी म्हणजे चाक घसरणार नाही. 'चार पोरं उचलून घेतील' हे पॉवर खुर्चीला लागू नाही, माणसासकट दीडशे किलोच्या वर जाते आणि हातांच्या दांड्या निखळतात. दार ९० सेंटिमीटर मोकळं हवं, दुसरं झडप उघडून बघा, कडी गंजलेली असते.

जागा: एका खुर्चीला ९० बाय १२०, मागे रेलणाऱ्या खुर्चीला लांबी दीड मीटरच्या वर. पहिल्या रांगेत बसवू नका. मान वर करून पडदा बघणं ज्यांच्या मानेत ताकद नाही त्यांना दहा मिनिटंही जमत नाही. मागून दुसरी रांग, कडेला, शेजारची एक साधी खुर्ची सोबतच्या माणसाला. सगळ्या व्हीलचेअरी एकत्र रांगेत लावू नका, लोक आपापल्या माणसांबरोबर बसू देत.

दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं थांबा. नितंबावरचा दाब काढायला खुर्ची मागे रेलवायची किंवा पुढे वाकवून धरायचं. ११२ मिनिटांच्या 'डायव्हिंग बेल' ला तीन थांबे. सिनेमाप्रेमी कुरकुर करतील.

एसी २६ वर. बाहेरून तापून आलेलं शरीर आत झपाट्याने गार पडतं आणि थरथरून ऊब आणता येत नाही. दोन पातळ चादरी ठेवा. सक्शन मशीन आवाज करणारच, सुरुवातीलाच सांगून टाका म्हणजे माना वळणार नाहीत.

मंजिरी_वाचा

सबटायटल इंग्रजी असतील तर अर्धे आईवडील वाचणार नाहीत. हक्कधारकाला विचारून मराठी फाइल करा. एका वेळी दोन ओळी, ओळीला पस्तीस-चाळीस अक्षरं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. प्लेयरमध्ये देवनागरी फाँट निवडा आणि 'ट्र', 'र्‍या' असली अक्षरं आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर तपासा, वेलांटी भलतीकडे पडते. 'डायव्हिंग बेल' मध्ये अक्षरं पुकारण्याचे प्रसंग भाषांतरित करू नका, फ्रेंच क्रम कानावर पडू दे. त्याच वेळी वरचं नऊ ओळींचं कार्ड प्रत्येकाच्या हातात द्या, मध्यंतरात जोड्या करून एक-एक शब्द काढायला लावा.

सक्करदऱ्याचा_भाऊ

दर्शनाताई, फळी मी करून देतो, १९ चा प्लाय पडलाच आहे. फक्त दाराची कडी उद्या उघडून पाहून घ्या, अन् पायरीची उंची दोन्ही टोकाले मोजा. जुन्या हॉलची पायरी एकीकडे पंधरा अन् एकीकडे अठरा निघते, मग फळी डुगडुगते.

धरमपेठची_दर्शना

मोजली. डावीकडे पंधरा, उजवीकडे साडेसोळा.

सक्करदऱ्याचा_भाऊ

मग दोन मीटरची करतो. उजवीकडून लावू.